रुसकीची छाटणी

"थांबा," सिग्नलकाका म्हणाले, आणि पार्लरताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने कात्री अजून फांदीला टेकवलीही नव्हती. नुसता हात पुढे केला होता. तेवढ्यात काकांचा तळवा तिच्या नाकासमोर येऊन उभा राहिला, पूर्वी चौकात ट्रकसमोर उभा राहायचा तसा. सगळी नोकरी वाहतूक पोलिसात काढलेला माणूस. निवृत्त झाला, गणवेश गेला, शिट्टी गेली, हात मात्र खाली यायचं नाव घेईना. वसाहतीच्या बागेत सगळे त्यांना पाठीमागे सिग्नल म्हणायचे, तोंडावर काका म्हणायचे, आणि वैतागायचे मात्र दोन्हीकडून सारखेच.

"का कापताय?"

"वाळलीय."

काकांनी नखाने फांदीची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं.

"वाळलेली नाही. झोपलीय," एवढं बोलून ते पुढच्या झुडपाकडे निघून गेले. बस्स. वाळलेली कशी ओळखायची, झोपलेली असली तर तिचं काय करायचं, काही नाही. हा माणूस शिकवतोय की नुसता अडवतोय, हेच तिला कळेनासं झालं होतं.

बरं, पार्लरताई काही कात्री पहिल्यांदा हातात धरत नव्हती. वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्याला तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं, आणि लग्नाआधीपासून ती केसच कापत आली होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मान कशी आहे, कपाळ केवढं आहे, भोवरा कुठे आहे, हे तिला मागून येतायेताच दिसायचं. मग कात्री चालायची ती चालायचीच. बायका तिच्यासमोर डोळे मिटून बसायच्या. आणि इथे एक झुडूप, ज्याला तोंड नाही की आरसा नाही, त्याची एक काडी कापायला तिला एका रिटायर्ड हवालदाराची परवानगी लागत होती. अपमान वाटायला आणखी काय हवं?

तरी ती दर रविवारी येत होती. पार्लरचा सगळ्यात कमाईचा दिवस मदतनिशीवर सोडून येत होती. कारण घरी आई होती.

आईचं गावाबाहेर छोटं घर होतं, घराला अंगण होतं, आणि अंगणात आई होती, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मग आई एकदा पायरीवर पडली. पडल्यावर कळलं की पायरी तिला दिसलीच नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं, फोटो काढले, आणि पार्लरताईला बाजूला घेऊन सांगितलं की मधलं दिसणं हळूहळू जाणार. काठाकाठाचं राहील, उजेड कळेल, माणूस हलला तर कळेल. थांबवता येणार नाही. वर्षभर धरून चाला, त्यापुढचं सांगता येत नाही. घर विकलं. आई लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर आली. जावई बिचारा चांगला होता, त्याने स्वतःची खिडकीजवळची खुर्ची सासूला देऊन टाकली. पण त्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे.

आईने तक्रार केली नाही. तीच तर पंचाईत होती. जन्मभर जिने शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं, ती बाई इथे येऊन गपगार झाली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. पार्लरताईने बाल्कनीत कुंड्या आणून ठेवल्या. बाल्कनीला ऊन नव्हतं, रोपं महिन्याभरात माना टाकून मोकळी झाली. त्या दिवशी आई पहिल्यांदा आपणहून बोलली.

"मी लावलेलं एक काहीतरी उगवलेलं मला बघू दे गं. डोळे आहेत तोवर. मग काही मागणार नाही."

वसाहतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, रहिवाशांची सामाईक बाग होती. तिथे वाफे मिळायचे. पार्लरताई दुसऱ्याच दिवशी तिथे गेली, आणि तिथे तिला सिग्नलकाका भेटले.

"वाफा असा मिळत नाही," काका म्हणाले होते. "आधी झुडूप."

बागेची रीतच होती ती. पूर्वी मागेल त्याला वाफा देत. लोक हौसेने माती उकरायचे, दोन रविवार फोटो काढायचे आणि तिसऱ्या रविवारी गायब व्हायचे; वाफ्यात गवत माजायचं. म्हणून काकांनी नियम केला. नव्या माणसाला सामाईक झुडपांपैकी एक झुडूप द्यायचं. त्याची छाटणी शिकायची, त्याला सांभाळायचं, आणि ते फुललं की वाफा. नाही फुललं तर पुढच्या वर्षी बघू. वशिला नाही, रडारड नाही.

झुडपांना नावंही होती. फाटकाजवळचं, कुणाला आत डोकावू न देणारं दाट झुडूप म्हणजे कंजूष. येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे ओढणारं ते आगाऊ. आणि पार्लरताईच्या वाट्याला आली ती रुसकी. वर्षातून एकदाच पांढरी, वासाची फुलं यायची तिला, आणि ती आली तर. मागच्या दोघांच्या हाती ती फुललीच नव्हती.

"हीच का?" पार्लरताईने विचारलं होतं.

"हीच मोकळी आहे," काका म्हणाले.

सुरुवातीचे रविवार तर नुसतं बघण्यात गेले. कात्री खिशात ठेवून झुडपाभोवती फिरायचं. कुठली फांदी कुठून निघालीय, कुठली कुणाच्या अंगावर घासतेय, कुठली म्हातारी झालीय. मग काकांनी तिला जुन्या, जाड, करड्या फांद्या दाखवल्या आणि थेट जमिनीलगत कापायला लावल्या. तिच्या जिवावर आलं. केस कुणी मुळापासून कापतं का? कापायचं ते टोकाला, बाहेरून, हळूहळू आकार देत. इथे सगळं उलटं. आतून कापायचं, मधोमध भगदाड पाडायचं, आणि बाहेरची टोकं, ज्यांनी झुडूप भूत दिसतंय, ती तशीच सोडायची.

"डावीकडे जास्त गेलं," ती म्हणाली. "उजवीकडचंही एक घेते. सारखं दिसेल."

तळवा वर. "थांबा."

"अहो काका, एकांगी दिसतंय."

"दिसू दे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक फुलं बघायला येतात. भांग बघायला नाही."

बाकीचे बागवाले हसले. पार्लरताई हसली नाही. घरी जाऊन तिने नवऱ्यासमोर सगळा पाढा वाचला. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुला कुणीतरी अडवणारा भेटला एकदाचा." त्या दिवशी त्याला भाजी थोडी खारट मिळाली.

पण ती शिकली. नाकी नऊ आले, तरी शिकली. वाळलेली आणि झोपलेली फांदी तिला नखाने खरवडून ओळखता यायला लागली. कोंब जिथून फुटतो त्या उंचवट्याच्या जरा वर, तिरका काप द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही, हे हाताला कळलं. जुन्या फांद्या गेल्यावर तळातून नवे हिरवे फुटवे आले तेव्हा तिला काय आनंद झाला म्हणता. आईला हात धरून सांगितलं, एवढे एवढे आलेत, हिरवे, सरळ. आईने विचारलं, "तळातूनच आलेत ना? मग चांगलं." आणि मग किती तरी वेळ आपल्या अंगणातल्या कुठल्याशा झुडपाबद्दल बोलत बसली. जावई टीव्ही बंद करून ऐकत होता.

मग काकांनी सांगितलं, "झालं. आता फुलेपर्यंत हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

"फुलेपर्यंत."

थंडी आली आणि गेली. पार्लरताई दर रविवारी जायची, पाणी घालायची, पाला गोळा करायची आणि रुसकीसमोर हात बांधून उभी राहायची. रुसकी वाढली ती कशी वाढली, देवा. एक फांदी पायवाटेवर, एक कुंपणाबाहेर, दोन आभाळाकडे, एक भलतीकडेच. झोपेतून उठून तसंच दारात आलेलं माणूस दिसावं तशी. तिचे हात शिवशिवायचे. घरी आईचं दिसणंही त्याच वेगाने उतरत होतं. चहा ओतताना कपाच्या बाजूला पडायचा. लेक खोलीत आली की आई मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघायची आणि आवाज ऐकल्यावर ओळखायची. तरी दर रविवारी दुपारी प्रश्न ठरलेला.

"काही आलं का गं?"

"येईल आई. पुढच्या महिन्यात."

आईने काय लावायचं तेही ठरवून ठेवलं होतं. झेंडू. लवकर येतो आणि रंग डोळ्यात भरतो म्हणून. बियांची पुडी तिने जावयाकडून आणवून उशीखाली ठेवली होती.

आणि मग तो रविवार आला. सिग्नलकाका बहिणीकडे गेले होते, बाग सुनी होती. पार्लरताई रुसकीला पाणी घालत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून तिची एक जुनी गिऱ्हाईक गेली. नुकतेच केस कापून घेतलेली, चार जणींत तिच्या पार्लरचं नाव काढणारी. ती थांबली, रुसकीकडे बघितलं, पार्लरताईकडे बघितलं.

"हे तुमचं झाड?" ती म्हणाली. "तुमचं वाटत नाही हो."

एवढंच. बाई हसून निघून गेली. पण पार्लरताईला ते लागलं. तिच्या खुर्चीतून आजवर कुणी विस्कटलेलं उठून गेलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. तळवा नव्हता. फक्त टोकं घेऊ, तिने ठरवलं. आत हात लावायचाच नाही. जाड फांद्या नाहीत, जुनं काही नाही, नुसती टोकं. टोकं घेतल्याने कधी कुणाचं काही बिघडलंय? उलट केस जोमाने वाढतात, असं ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची.

एकदा कात्री सुरू झाल्यावर मग ती थांबते होय? डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं, मागे जाऊन बघितलं, पुन्हा डावीकडे घेतलं. किती तरी महिन्यांनी तिला तिचे हात परत मिळाले होते. तासाभरात रुसकी अशी गोल, घोटीव, दृष्ट लागण्यासारखी दिसायला लागली की येणारेजाणारे थांबून बघू लागले. पार्लरताईने खाली पडलेली टोकं झाडून गोणीत भरली, जागा पार्लरसारखी लख्ख केली, आणि छाती फुगवून घरी गेली. आईला म्हणाली, "आज तू बघायला हवी होतीस."

पुढच्या रविवारी काका आले. फाटकातून आत शिरले, रुसकीसमोर उभे राहिले. त्यांचा हात सवयीने छातीपर्यंत वर आला आणि तसाच खाली गेला. अडवायला काही शिल्लकच नव्हतं.

"छान दिसतंय," ते म्हणाले.

पार्लरताईला बरं वाटलं. क्षणभरच.

"फुलणार नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

ते कोपऱ्यातल्या गोणीपाशी गेले. आत हात घालून त्यांनी एक टोक काढलं आणि बोटांनी सोललं. पापुद्र्याच्या आत, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक, फिक्या हिरव्या कळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. काकांनी दुसरं टोक काढलं. त्यातही. तिसरं. पार्लरताईने स्वतः गोणीत हात घातला आणि एकामागून एक सोलत सुटली. सगळ्यांत होत्या. रुसकीचा या वर्षीचा सगळा बहर तिने झाडून गोणीत भरला होता.

"ही मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलते," काका म्हणाले. "टोकाला."

"मग हे सांगायचं ना आधी!" ती ओरडली. टाकीवर बसलेली कबुतरं उडाली. "नुसतं थांबा, थांबा, थांबा. का थांबा ते कधी सांगितलंत? कारण सांगायला तोंड झिजलं असतं का तुमचं?"

"हात लावू नका म्हणालो होतो."

"का ते नाही सांगितलंत."

"चौकात हात वर केला तर का म्हणून विचारत नाही कुणी," काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. माणूस गोंधळला होता. जन्मात त्यांना कुणी कारण विचारलं नसावं, आणि त्यांनीही कधी दिलं नसावं.

मग तिने वाफ्याचा विषय काढला. गयावया केली, आईच्या डोळ्यांबद्दल सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी दोन झुडपं दिलीत तरी सांभाळीन, पण वाफा आत्ता द्या. काका ऐकत राहिले. मग म्हणाले की ताई, मागच्या वर्षी एकाला बायकोच्या आजारपणासाठी वाफा हवा होता, त्यालाही नाही म्हणालो, आता तुम्हाला हो म्हणालो तर त्याला तोंड कसं दाखवू. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच तिला आणखी संताप आला. कात्री तिथेच मातीत टाकून ती घरी निघाली. तीन मजले चढेपर्यंत ती काकांना शिव्या घालत होती. दाराशी पोचली तेव्हा शिव्या संपल्या होत्या.

"काही आलं का गं?" आतून आवाज आला.

खोटं बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण किती रविवार बोलणार?

"येणार नाही या वर्षी," ती म्हणाली. "माझ्या हातून चुकलं."

आई खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "मला ने तिथं."

"कशाला आई? बघण्यासारखं काही नाही."

"बघायला कुठं चाललेय? ने म्हटलं ना."

किती तरी महिन्यांनी आईचा तो जुना, पोस्टमनला धारेवर धरणारा आवाज निघाला होता. जावयाने एका हाताने सासूला धरलं, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची घेतली, आणि तिघं जिना उतरून बागेत गेली. उतरताना आईने दर मजल्यावर थांबून दम घेतला आणि दर वेळी लेकीने पुढे केलेला हात झिडकारला.

रुसकीसमोर तिला उभं केल्यावर आईने दोन्ही हात पुढे केले.

"थांबा," काका कुठूनसे येऊन म्हणाले. "पाहुण्यांनी सामाईक झुडपांना हात—"

"कोण आहे हा?" आईने मान वाकडी करून त्या दिशेला पाहिलं. "हात वर केलाय का याने? मला दिसत नाही म्हणावं. खाली घे."

काकांनी हात खाली घेतला. जावई घाईघाईने फाटकाजवळच्या कंजूषकडे बघायला लागला.

आईची बोटं रुसकीवरून फिरली. आधी तळाशी गेली, नवे फुटवे चाचपले, जुन्या फांद्यांचे खुंट चाचपले, कापाचा तिरकेपणा अंगठ्याने पाहिला. "हे बरं केलंयस," ती म्हणाली. मग बोटं वर आली आणि थबकली. टोकाटोकाला, सगळीकडे, एकाच उंचीवर, काप. आईने एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत सगळे काप मोजल्यासारखे चाचपले.

"हे का कापलंस?"

"विस्कटलेलं दिसत होतं," पार्लरताई म्हणाली.

आई हसली. लेकीकडे राहायला आल्यापासून ती अशी हसली नव्हती, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"माझी वेणीपण विस्कटलेली दिसत होती तुला."

पार्लरताईला आधी कळलंच नाही. मग कळलं. आई राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने आईला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं होतं आणि कमरेपर्यंतची वेणी कापून टाकली होती. पांढरी, पातळ, पण होती. सांभाळायला सोपं जाईल म्हणून. आता तुला दिसत नाही, गुंता होतो, कोण रोज विंचरणार म्हणून. किती छान दिसतेस, दहा वर्षांनी लहान दिसतेस, असं म्हणत कापली होती. आई काही बोलली नव्हती. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मानेवरचे केस नीट करून द्यायची, आणि आई मान खाली घालून बसायची. आई गप्प झाली ती घर गेल्यामुळे, अंगण गेल्यामुळे, असंच सगळे समजून चालले होते.

"बोलली का नाहीस तेव्हा?" तिने विचारलं.

"विचारलंस कुठं?" आई म्हणाली. "कात्री हातात होती तुझ्या."

"अगं आई, केस वाढतात परत."

"कुणाचे?"

पार्लरताईकडे उत्तर होतं. धंदाच होता तिचा. कुठल्या वयात केस किती वाढतात, कधी वाढायचे थांबतात, हे ती गिऱ्हाइकांना हातावर मोजून सांगायची. ते उत्तर तिने गिळलं. काका बूट बघत उभे होते. जावयाने खुर्ची उघडली आणि रुसकीजवळ, पायवाट अडणार नाही अशी ठेवली.

"बसायला चालेल ना?" त्याने काकांना विचारलं.

काकांनी बराच विचार केला. "बसायला नियम नाही," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, खाकरून म्हणाले, "फुलं झाल्यावर छाटायची असते ही. लगेच. म्हणजे वर्षभर नवी फांदी वाढते आणि त्या फांदीवर पुढच्या वर्षी कळ्या धरतात. म्हणून मध्ये हात लावायचा नाही. हे कारण." एवढी लांब वाक्यं बोलायची सवय नसल्याने त्यांना दम लागला.

आता सांगून काय उपयोग, असं पार्लरताईला वाटलं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं. वाफा पुढच्या वर्षीवर गेला तो गेलाच. काकांनी नियम मोडला नाही. झेंडूची पुडी उशीखालीच राहिली, जावयाने ती बाल्कनीत लावायचं सुचवलं तर आईने त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या आवाजाकडे, असं बघितलं की तो परत बोलला नाही. दर रविवारी आई घडीच्या खुर्चीवर रुसकीशेजारी जाऊन बसायला लागली, आणि बागेतल्या एकेकाला धारेवर धरायला लागली. काकांना सगळ्यात जास्त. पार्लरताईने मातीतली कात्री उचलून पुसली आणि खिशात ठेवली. रुसकीला वरवर कोंब फुटत होते, फुलांचे नव्हेत, नुसत्या पानांचे, आणि सगळे वेडेवाकडे.

मग महिन्याचा पहिला रविवार आला.

सवयीप्रमाणे आई स्वयंपाकघरात खुर्चीवर येऊन बसली आणि तिने मान खाली घातली. पार्लरताईने टॉवेल गुंडाळला. कंगवा घेतला, कात्री घेतली. मानेवरचे केस कॉलरवर आले होते. डाव्या कानामागे एक बट बाहेर निघाली होती, उजवीकडे वेगळीच उंची, भोवऱ्याजवळ उभे राहिलेले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तिचा हात आपोआप पुढे गेला, आणि मध्येच राहिला. कुणीही थांबा म्हटलं नव्हतं.

तिने कात्री ओट्यावर ठेवली.

"आज नको," ती म्हणाली.

आईने मान वर केली. "विस्कटलेले दिसतायत का?"

"फार."

"दिसू देत."

आईने दोन्ही हात मागे नेले. जन्मभराची सवय बोटांत होती; त्यांनी त्या जेमतेम केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. एक पेड निसटला. तिने परत धरला. दुसरा निसटला. पार्लरताईचे हात मदतीला पुढे आले, तिने ते मागे घेतले आणि एप्रनच्या खिशात कोंबले.

"किती दिवसांनी येईल गं वेणी?" आईने विचारलं. "मला आरशात दिसतंय तोवर येईल?"

खिशात पार्लरताईच्या मुठी वळल्या. या प्रश्नाचं उत्तर तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. अख्ख्या वसाहतीला ती ते फुकट सांगत आली होती.

"नाही आई," ती म्हणाली. "आरशात दिसतंय तोवर नाही येणार."

आईचे हात मानेमागे तसेच थांबले. मग तिने पहिला पेड पुन्हा वेगळा केला.

"मग हाताला लागेल एवढी येऊ दे," ती म्हणाली.